न मागता मिळालेली दहा मिनिटं

अमेरिकेत ब्रिजपोर्ट इथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ साली स्वतःच्या गॅरेजात डेंटल हायजिनिस्टचा वर्ग सुरू केला. विद्यार्थी सगळ्या बायकाच. आजही तिथे हे काम बहुतेक बायकाच करतात.

मान वाकवून, चिमटीत हत्यार धरून दातांवरचं किटण काढायचं. अंगावर गाऊन, तोंडावर मास्क. पन्नाशीच्या आसपास इस्ट्रोजेन घटतं, झोप मोडते, सांधे दुखतात, अंगातून अचानक गरम वाफा निघतात. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद करून पंख्याखाली बसतो. समोर पेशंट तोंड उघडून बसलेला असताना ती काय बंद करणार?

प्रत्येक पेशंटला, प्रत्येकीला सारखाच वेळ म्हणजे न्याय, असं वेळापत्रक आखणाऱ्यांना वाटतं. (आम्ही सॉफ्टवेअरवालेही त्यातलेच.) मला ते पटत नाही. ते न थकणाऱ्या शरीराला धरून आखलेलं असतं. 'त्रास झाला तर सांगा' म्हणणंही पुरेसं नाही. सांगितलं की हिचा हात आता स्थिर राहील का, ही शंका सुरू. म्हणून ती गप्प राहते.

पेशंटचं कोरडं पडलेलं तोंड मात्र तिला लगेच दिसतं. रजोनिवृत्तीत तसं होऊ शकतं, म्हणून ती आपुलकीने विचारतेही. दोन पेशंटांमधली दहा मिनिटं सगळ्यांनाच न मागता मिळाली, तर तिला कुणापुढे काही कबूल करावं लागणार नाही.