थिबाराजाच्या लेकी

दुबईतल्या ब्रिटिश पद्धतीच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात पडते. त्यामुळे तिथे शिकणारा नातू आजोबांकडे रत्नागिरीला यायचा ऐन पावसात. झाडाला लागलेला हापूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. नऊ वर्षांचा पोर. शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि तिथल्या नियमाप्रमाणे अरबी. घरातही मराठी बंद, कारण उच्चार बिघडतील अशी बापाला धास्ती. वाडीतली पोरं हाका मारून जायची आणि हा ओटीवर बसून राहायचा. बापाला नावं ठेवणं सोपं आहे. पण पोटाला चिमटा काढून तो त्या शाळेची फी भरत होता, आणि पोराला आपल्यासारखं चाचरावं लागू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

आजोबांनी वाद घातला नाही. पावसाने जरा उघडीप दिली तसं दोघांना रिक्षात घालून थिबा पॅलेसला नेलं.

जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा तो वाडा. खाली भाट्याची खाडी गढूळ होऊन वाहत होती. आजोबा मराठीत सांगू लागले, बाप पोराला इंग्रजीत समजावू लागला.

"ब्रह्मदेशचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला बायकापोरांसकट इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं. 1916 साली राजा रत्नागिरीतच वारला. त्याला चार मुली."

"त्या कुठल्या शाळेत जायच्या?" पोराने विचारलं.

"कुठल्याच नाही. सरकारने त्यांच्या शिक्षणाची फिकीर केली नाही. राजालाही लेकी चारचौघांत मिसळलेल्या नको होत्या. जावई हवा तोही राजरक्ताचा. तो रत्नागिरीत कुठून मिळणार? आसपास होती ती नोकरचाकर माणसं. त्यांच्याच तोंडून मुलींच्या कानावर मराठी पडली. थोरलीचा जीव जडला तो दारावरच्या गोपाळ सावंतावर. तिला मुलगी झाली, टुटू. पुढे 1919 साली राजाचं कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. थोरलीही गेली, पण लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. 1947 साली इथेच गेली. टुटू तर 2000 सालापर्यंत होती. राजाची नात, पण बोलणं, संसार, गरिबी, सगळं इथल्या चारचौघींसारखं."

"स्वतःच्या देशातून परत का आली?"

बापाने प्रश्न मराठीत करून सांगितला.

"तो देश सुटला तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती रे," आजोबा म्हणाले. "तिला हाक मारणारी माणसं इथली. राजाने भिंत घातली ती मान राखायला. मुलींच्या वाट्याला काय आलं, एकटेपणच ना?"

हे वाक्य बापाने इंग्रजीत सांगितलं नाही. पोर दोनदा "काय म्हणाले?" असं विचारत राहिला. बाप खाडीकडे बघत होता. परतताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "बाबा, माझी शाळा काही वाईट नाही."

"शाळा चांगलीच आहे," आजोबा म्हणाले. "मी कुठे काय म्हटलं?"

रात्री पुन्हा पाऊस लागला. वाडीतली पोरं बत्त्या घेऊन कुर्ल्या पकडायला निघाली. जाताजाता नेहमीसारखी हाक आली. पोराने बापाकडे पाहिलं. बाप उठला, आईला विचारून माळ्यावरची बत्ती काढली.

"बूट काढ," तो पोराला मराठीत म्हणाला. "नांगीपुढे बोट न्यायचं नाही. कुर्ली पाठीवरून धरायची."

पोराला अर्धंच कळलं. उरलेलं शेताच्या बांधावर शेजारच्या पोरीने त्याचा हात धरून दाखवलं.