कान कशाची वाट पाहतो

अमेरिकेतल्या 'डाउनबीट' या जॅझच्या नियतकालिकात १९६२च्या जानेवारीत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या रेकॉर्डचं परीक्षण आलं. एक नव्हे, दोन. पीट वेल्डिंगनं पाचपैकी पाच तारे दिले. जॉन टायननं एकही दिला नाही. संपादकांनी सरासरी काढून अडीच तारे छापले नाहीत, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. रेकॉर्डही तशीच होती. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवताहेत, एक डाव्या स्पीकरमधून, दुसरी उजव्या. सदतीस मिनिटं, मध्ये थांबा फक्त रेकॉर्ड उलटण्यापुरता. डावीकडच्या चौकडीत ड्रमवर बिली हिगिन्स होता. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या दोन परीक्षणांचा निकाल लावणं आज सोपं आहे. कोलमन पुढे मोठा ठरला, तेव्हा वेल्डिंगचे कान तयार आणि टायननचे कच्चे, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. टायनन काही संगीतातला अडाणी नव्हता. गाण्याची एक चाल असावी, तिच्याखाली कॉर्ड्सची ठरलेली साखळी असावी आणि वाजवणाऱ्यानं त्या साखळीतून वाट काढत स्वतःचं काही सांगावं, याची त्याचे कान वाट पाहत होते. कोलमननं ती साखळीच काढून टाकलेली. मग तो ज्याची वाट पाहत होता ते येणार कुठून? आवडीनिवडीच्या भांडणात आपण चव, अभ्यास, वय असली कारणं शोधतो. माझ्या मते खरा फरक वाट पाहण्यात असतो. रेकॉर्ड सुरू होण्याआधीच कान कशाच्या तरी प्रतीक्षेत बसलेला असतो आणि मत तिथंच निम्मं ठरून गेलेलं असतं.

याचं या शतकातलं उदाहरण म्हणजे कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक'. मे २०१५मध्ये लॉस एंजेलिसच्या या टेनर सॅक्सोफोनवादकानं तीन सीडींचा अल्बम काढला. रचना सतरा, वेळ जवळजवळ तीन तास. दोन ड्रमर, दोन बेस, पियानोवाला वेगळा आणि कीबोर्डवाला वेगळा, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, शिवाय ३२ जणांचा वाद्यवृंद आणि २० जणांचं समूहगान. त्याच्या दोनच महिने आधी रॅपर केंड्रिक लामारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' आला होता आणि त्यात कमासी होता. त्यामुळे जॅझच्या वाटेला कधी न गेलेली हजारो तरुण मंडळी या तीन तासांच्या दारात येऊन उभी राहिली. जॅझची कुठली रेकॉर्ड पुढच्या वर्षापर्यंत चर्चेत राहते असं हल्ली फारसं होत नाही. ही राहिली, आणि मतं दुभंगली.

एका बाजूनं म्हटलं गेलं की जॅझला तारणहार मिळाला. दुसरी बाजू म्हणाली, हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी जॉन कोल्ट्रेन आणि फेरो सँडर्स या सॅक्सोफोनवादकांनी करून ठेवलंय. वर समूहगानाचं सोनेरी वेष्टण चढवलं, एवढंच. तिसऱ्या प्रकारचे श्रोते, बहुतेक स्वतः वाजवणारे, थंडपणे सांगत होते की माणूस दमदार वाजवतो, पण त्याचा प्रत्येक सोलो एकाच जिन्यानं चढतो. आणखी काहींना ध्वनिमुद्रण गजबजलेलं वाटलं, वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडतात असं.

'तारणहार' हा शब्द आधी बाजूला काढतो, कारण त्यानं सगळ्यांचेच कान बिघडवले. बाजूनं बोलणारे रेकॉर्डमध्ये चमत्कार शोधू लागले आणि विरुद्ध बोलणारे चमत्कार झाला नाही हे सिद्ध करण्यात गुंतले. हे नवीन नाही. १९५९मध्ये सनी रॉलिन्स हा त्या काळचा बहुधा सर्वांत नावाजलेला टेनरवादक जाहीर कार्यक्रम सोडून बसला आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज करू लागला. दोन वर्षांनी परतला, १९६२मध्ये 'द ब्रिज' आली. मधल्या काळात कोलमनचा धुरळा उडालेला, त्यामुळे पुलावरून रॉलिन्स काहीतरी क्रांती घेऊन उतरणार अशी लोकांची खात्री झालेली. आला तो पूर्वीचाच रॉलिन्स, जास्त मुरलेला. कितीतरी जण हिरमुसले. तीच रेकॉर्ड आज ऐकणाऱ्याला त्या हिरमोडाचं कारण समजत नाही, कारण तो पुलाखाली वाट पाहत उभा नव्हता. (हाच रॉलिन्स १९६७च्या सुमारास आपल्या पवईत, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त मुंबईत वाजवूनही गेला. पवई तलावाच्या बाजूनं जाताना मला हे हटकून आठवतं.)

आता 'नक्कल' या आक्षेपाकडे. तो खोडणं वाटतं तितकं सोपं नाही, मान्य करणं तर त्याहून नाही. 'द एपिक'च्या तिसऱ्या भागाला कमासीनं नावच 'द हिस्टॉरिक रेपिटिशन' असं दिलंय, म्हणजे ऐतिहासिक पुनरावृत्ती. चोर इतका उघड पाटी लावून बसत नाही. त्या भागात 'चेरोकी' आहे. मूळ गाणं रे नोबल या इंग्रज बँडमास्तराचं, १९३८चं. जॅझवाल्यांच्या जगात मात्र ते गाणं राहिलं नाही, परीक्षा झालं. त्याचा मधला टप्पा एका दूरच्या स्वरपट्टीतून दुसऱ्या दूरच्या पट्टीत उड्या मारतो, आणि ते वाजवायचं असतं भन्नाट वेगात. चार्ली पार्करनं १९४५मध्ये याच कॉर्ड्सवर 'को-को' रचलं, तेव्हापासून नव्या पोराला जोखायचं असेल तर जाणत्यांनी 'चेरोकी' पुकारावं आणि पोरानं घामाघूम व्हावं, असा रिवाज पडला.

कमासी काय करतो? वेग काढून घेतो. पॅट्रिस क्विन हे गाणं निवांतपणे गाते, खाली सोल संगीताचा डुलता ठेका, जणू संध्याकाळी गच्चीवर बसून म्हणावं तसं. पार्करच्या वाटेनं आलेल्या श्रोत्याला ही सरळ पळवाट वाटते: परीक्षेला बसलाच नाही की! ज्याला परीक्षेची कल्पनाच नाही, त्याला एक छान गाणं ऐकू येतं. माझं मत दोघांच्या मधलं नाही, दुसऱ्याच्या बाजूला झुकलेलं आहे, पण वेगळ्या कारणानं. परीक्षेचं ओझं उतरवल्यावर त्या मधल्या टप्प्याच्या उड्या पहिल्यांदा उड्या न वाटता वळणं वाटतात. वेगात बोटांची करामत दिसते, इथं चालीचा घाट दिसतो. ही नक्कल नव्हे. मात्र हे जाणवायला मूळची धावपळ कानावरून गेलेली असावी लागते, म्हणजे पहिल्याच श्रोत्याचा साठा लागतो. गंमत अशी की ज्याच्याजवळ तो साठा आहे तोच चिडून बसलेला असतो.

समूहगानाबद्दलची तक्रार न्यूयॉर्कच्या चष्म्यातून केलेली आहे, असं माझं म्हणणं. लॉस एंजेलिसला स्वतःची परंपरा आहे. होरेस टॅपस्कॉट या पियानोवादकानं तिथं १९६१मध्ये वस्तीतल्या वादकांना जमवायला सुरुवात केली. त्यातून 'पॅन आफ्रिकन पीपल्स आर्केस्ट्रा' उभा राहिला: भलामोठा ताफा, गाणारे-बजावणारे एकत्र, वाजवायचं ते आपल्याच लोकांत. पुढे १९८९मध्ये शहरातल्या लायमर्ट पार्क भागात 'वर्ल्ड स्टेज' ही छोटी जागा सुरू झाली, कवी कमाऊ दाऊद आणि तोच आपला बिली हिगिन्स यांनी मिळून. शून्य तारे मिळालेल्या रेकॉर्डवरचा ड्रमर म्हातारपणी गल्लीतल्या पोरांना ताल शिकवत होता. कमासी आणि त्याचे सवंगडी याच परिसरातून वर आले. 'द एपिक'मधल्या 'माल्कम्स थीम'मध्ये माल्कम एक्सच्या अंत्यविधीत ऑसी डेव्हिसनं केलेलं भाषण गायलं जातं. क्विनच्या जोडीनं ते गाणारा ड्वाइट ट्रिबल टॅपस्कॉटच्या ताफ्यात गायलेला. थोडक्यात, तो मोठा आवाज बाजारातून आणलेला नाही, घरचा आहे.

आणखी एक धागा तर आपल्यापर्यंत येऊन पोचतो. ज्या संगीताची नक्कल म्हणून 'द एपिक'वर बोट ठेवलं जातं, त्यातली एक महत्त्वाची रेकॉर्ड म्हणजे ॲलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद', १९७१ची. जॉन कोल्ट्रेनची ही विधवा स्वामी सच्चिदानंदांची शिष्या झाली होती. रेकॉर्डवर ती हार्प वाजवते, फेरो सँडर्स सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो आणि खाली चक्क तंबोरा चालू आहे. पुढे तिनं लॉस एंजेलिसजवळ आश्रम काढला, तिथं भजनं चालत. 'द एपिक' काढणाऱ्या 'ब्रेनफीडर' कंपनीचा मालक फ्लाइंग लोटस हा या ॲलिसचा नातू, म्हणजे तिच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. नातवानं आजीच्या वळणाचा अल्बम काढला तर त्याला उसनवारी म्हणणं जरा अवघड जातं.

पण वंशावळ सांगितली म्हणून सूर लागत नाही. बाजूनं लिहिणारे पुष्कळदा इथंच थांबतात, जणू घराणं सिद्ध झालं की गाणंही सिद्ध झालं. आपल्याकडच्या मैफलींत ही सवय कमी नाही, तेव्हा तिचा वास मला लांबूनच येतो.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे आणि ती माझ्या कानाच्या घडणीतून आलेली आहे. लांबीनं मी दचकत नाही. ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला तीन तासांचं अप्रूप काय? पण इतका वेळ मागणाऱ्या संगीताकडून माझा कान बढतीची वाट पाहतो. एकेक सूर खुलत जावा, वरच्या षड्जाकडे जाण्याआधी गायकानं निषादावर जीव टांगणीला लावावा, आणि षड्ज लागला की सगळ्या सभेनं श्वास सोडावा. 'चेंज ऑफ द गार्ड' ही पहिली रचना घ्या, साधारण बारा मिनिटांची. पियानोचे दणदणीत कॉर्ड्स, मागोमाग फुंकवाद्यांची भव्य धून, वर समूहगान आणि व्हायोलिनं. कमासीचा सोलो मग छोट्या, बळकट वाक्यांनी सुरू होतो. एक वाक्य म्हणायचं, तेच वळवून म्हणायचं, अर्धी पायरी वर जायचं, पुन्हा म्हणायचं. आवाज जाड, कडेला खरखर. आणि मग तो पोचतो टेनरच्या चाव्या जिथं संपतात त्याच्याही वर. तिथले सूर बोटांनी निघत नाहीत. ओठांची पकड, घशाचा आकार आणि फुंकरीचा जोर यांनी नळीतले वरचे नाद पिळून काढावे लागतात. म्हणून तो आवाज फाटलेला, किंकाळीसारखा येतो. कोल्ट्रेन, सँडर्स, अल्बर्ट आयलर यांनी ही किंकाळी फोडली तेव्हा तिच्यामागे सगळं संपल्याची भावना होती.

इथं ती पहिल्याच रचनेत येते. मग पुढच्याही कितीतरी रचनांत. पंगतीत पहिल्याच वाढीला पक्वान्न आलं आणि दर वाढीला येतच राहिलं, तर पान छान दिसतं, जेवण होत नाही. 'सोलो एकाच जिन्यानं चढतो' म्हणणारे वादक जे सांगत होते ते मला ऐकू येतं. फक्त मी त्याला सॅक्सोफोनचा दोष म्हणणार नाही, बांधणीचा म्हणेन. एवढा ताफा पहिल्या मिनिटापासून अंगावर येत असेल, तर सोलोवाल्याला वर चढून ओरडण्यावाचून मार्गच उरत नाही. गजबजाटाची तक्रार आणि जिन्याची तक्रार या वेगळ्या वाटतात, पण मुळात ती एकच तक्रार आहे.

हिपहॉपमधून आलेल्या श्रोत्याला मात्र यातलं काही खुपलं नाही, आणि तो चुकत नव्हता. तो बढतीची वाट पाहत नव्हता. त्याची सवय आवाजाच्या पोताची, त्यात बुडण्याची. दहा सेकंदांचा तुकडा शंभर वेळा फिरवून ऐकण्यात त्याला कंटाळा दिसत नाही, नशा दिसते. तोच चढ पुन्हा आला तर तो म्हणतो, आला! मी म्हणतो, पुन्हा? लेनर्ड फेदर या समीक्षकानं १९४६मध्ये वादकांच्या डोळ्यांवर जणू पट्टी बांधून, नावं न सांगता रेकॉर्ड ऐकवायला सुरुवात केली होती. मोठ्या मजेदार फजित्या झाल्या त्यात. पण नाव लपवलं तरी कानाची सवय लपवता येत नाही. पट्टी फक्त डोळ्यांवर बसते.

कमासीची पुढची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी त्यानं 'हार्मनी ऑफ डिफरन्स' केलं. जेमतेम अर्ध्या तासाचं. आधी पाच छोट्या रचना, प्रत्येकीची चाल वेगळी, साधी, गुणगुणता येईल अशी. सहावी 'ट्रुथ' मोठी, तेरा-चौदा मिनिटांची, आणि तिच्यात मागच्या पाचही चाली एकमेकींच्या अंगाखांद्यावर येतात. व्हायोलिनं आणि समूहगान इथंही आहे. फरक एवढाच की इथं कमासीनं श्रोत्याला आधी पाच गोष्टी हातात दिल्या आणि मग वाट पाहायला लावलं. तिसरी चाल कुठून शिरते, पहिली कुणाच्या आड लपलीय, हे कान शोधू लागतो. टेनर इथंही चढतो, त्याच जिन्यानं. 'द एपिक'च्या तीन तासांत जी किंकाळी मला वारंवार नकोशी झाली होती, ती या तेरा-चौदा मिनिटांत मी परत लावून ऐकली.