पाहुण्याचा अधिकार

कोलकात्यात आमच्या घरासमोर राहणारे एक निवृत्त डॉक्टर गेल्या हिवाळ्यात केनियाला जाऊन आले. गर्भपाताच्या विरोधात तेथे काम करणाऱ्या मंडळींच्या सभांत चार शब्द बोलावेत, त्यांना बळ द्यावे, हा प्रवासाचा हेतू. निघण्यापूर्वी कागदपत्रे तपासण्यास त्यांनी आम्हांस बोलाविले. कारकुनाचा एवढा उपयोग शेजाऱ्यांस ठाऊक असतोच. कागद बांधून झाल्यावर त्यांनी विचारले, "मी जातो आहे हे योग्यच ना?" कागदांतील चूक आम्हांला तत्काळ दिसते, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी सुचले नाही.

गर्भपात योग्य की अयोग्य, हा एक प्रश्न. त्या बाबतीत परक्या देशात जाऊन एका पक्षाचे बळ वाढविण्याचा अधिकार आपल्याला कितपत, हा दुसरा. येथे विचार दुसऱ्याचा करावयाचा आहे. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचे एक सोयीचे उत्तर पाठ असते: दुसऱ्याच्या घरात आपण बोलू नये. तथापि इतिहास पाहू गेल्यास हे उत्तर टिकत नाही.

गर्भपात करविणाऱ्यास शिक्षा सांगणारे ३१२ वे कलम ज्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेत होते, तीच संहिता इंग्रजांनी १८९७ साली पूर्व आफ्रिकेत लागू केली, आणि केनियात ती १९३० पर्यंत चालली. म्हणजे डॉक्टरांच्या आधी आपल्याकडचा कायदा तेथे जाऊन आला होता. आणि तो आपल्याकडेही परक्यांनीच केलेला! पुढे २००३ साली आफ्रिकी संघाने मापुतो येथे संमत केलेल्या मसुद्यात बलात्कार, मातेच्या जिवाला वा आरोग्याला धोका, अशा प्रसंगी गर्भपाताची मुभा असावी असे ठरले. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने जीविताचा आरंभ गर्भधारणेपासून मानला. परंतु मातेचा जीव वा आरोग्य धोक्यात असल्यास अपवादही ठेवला. त्या अपवादामुळे तेथील अनेक चर्चनी सार्वमतात घटनेस विरोध केला. अमेरिकेचे पाठबळ घेतल्याचे आरोप तेव्हा दोन्ही पक्षांवर झाले. मूळच्या नायजेरियाच्या ओबियानुजू एकेओचा यांनी तर २०१८ साली पुस्तक लिहून पाश्चात्त्य देणगीदारांच्या या उद्योगाला नवा वसाहतवाद म्हटले. आणि त्या स्वतः राहतात ब्रिटनमध्ये. अशा स्थितीत परका कोणास म्हणावे?

शिवाय विचार परक्याने आणला एवढ्यानेच तो त्याज्य ठरत नाही. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर ही अमेरिकन बाई संततिनियमनाचा पुरस्कार करीत वर्ध्यास आली. गांधीजींनी तिचे आतिथ्य केले, तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि आपले मत सोडले नाही. ज्या विचारासाठी ती इतक्या दूर आली, त्याच विचाराचे केंद्र र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ सालीच उघडले होते. पाहुणा येण्यापूर्वी ज्याने त्या कार्याची किंमत चुकविलेली असते, असा कोणीतरी घरचा माणूस बहुधा तेथे असतो.

किंमत हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या पत्नीस चौथ्या महिन्यात रक्तदाबाचा असा विकार जडला की, गर्भ ठेवणे तिच्या जिवावर बेतेल असे डॉक्टरांनी सांगितले. १९७१ च्या कायद्याने मार्ग मोकळा होता. पुण्याहून, नागपुराहून फोन आले. कचेरीतील स्नेही घरी आले. कोणी पाप म्हणाले, कोणी वेडेपणा म्हणाले. रात्री नऊच्या सुमारास सर्वजण आपापल्या घरी गेले आणि आम्ही उभयता राहिलो. काय ठरले हे येथे सांगण्याचे कारण नाही. वरच्या मजल्यावरील मासीमांनी मात्र आपले मत एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगितले होते. आमचा निर्णय त्याविरुद्ध गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पातळ भाताचे भांडे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि पुढे कित्येक आठवडे येत राहिल्या. त्यांच्या मताचा जितका आदर आम्ही केला, तितका दुसऱ्या कोणाच्याही मताचा केला नाही.

पाहुण्याच्या अधिकाराचे माप आम्हांला येथे सापडते. मत बाळगावे, सांगावेही. परंतु त्या मताप्रमाणे वा त्याविरुद्ध वागणाऱ्या स्त्रीच्या दाराशी दुसऱ्या दिवशी आपण असू काय, हे स्वतःस विचारावे. हे माप दुसऱ्या पक्षासही लागू आहे. गर्भपाताशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांचे साहाय्य अमेरिकेने १९८४ साली रोखले. तेव्हापासून वॉशिंग्टनमधील पक्ष बदलला की ते धोरण उठते नि पुन्हा लागू होते. मत तिकडे बदलते, दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरते ती आफ्रिकेतील बाई.

डॉक्टर परत आल्यावर आम्ही भेटावयास गेलो. सभा चांगल्या झाल्या, टाळ्याही पडल्या. "शेवटच्या दिवशी एका पोक्त कार्यकर्तीने विचारले, आमच्याकडे ठेवलेल्या दोन मुली पुढच्या महिन्यात बाळंत होतील, तेव्हा आपण याल का?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी काय उत्तर दिले, हे आम्ही विचारले नाही. टेबलावर पारपत्राच्या शेजारी प्रवासी कंपनीचा नवा, कोरा अर्ज पडलेला होता. तो भरण्यास आम्ही त्यांना मदत केली.