कोळी आणि केरसुणी

ज्या प्राण्याने आजवर आपले काहीही वाकडे केलेले नाही, त्याला पाहताच पायातली चप्पल हातात का यावी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण घरभेटींच्या निमित्ताने कुटुंबाकुटुंबांत वावरताना तो मला वारंवार पडला आहे. तसबिरीमागून तळहाताएवढा तपकिरी कोळी भिंतीवर सरकतो आणि घराचे रूप क्षणात पालटते. एरवी रांगडे म्हणून मिरवणारे गृहस्थ खुर्चीवर चढतात, आजी केरसुणी मागवते. एक माउली मला म्हणाली, "फादर, आशीर्वाद मग द्या, आधी त्याला मारा!"

नावाने कोळी असला तरी हा शिकारीसाठी जाळे विणीत नाही. रात्री धावून झुरळे धरतो. मादी अंड्यांची चपटी थैली पोटाखाली सांभाळीत हिंडते. फारच डिवचले तर तो चावतो, दुखते. परंतु माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही. अंगावर पुरळ उठले की 'कोळी फिरला' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बिचाऱ्याला आपली बाजू मांडता येत नाही.

मग भिणारा दोषी काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. भावना आपोआप उसळते, म्हणून ती स्वतः ना पुण्य ना पाप; बुद्धी व इच्छा तिच्याशी जोडल्या जातात तेव्हा नीतीचा प्रश्न उभा राहतो. अंगावर काटा येणे ही भावना. चप्पल उगारणे हा निर्णय.

कॉन्स्टन्सचे बिशप संत कॉनराड (मृत्यू इ. स. ९७५) यांची आख्यायिका आहे. मिस्सेच्या वेळी चषकात कोळी पडला. कोळी जहरी, असा तेव्हाचा समज. तरीही प्रभूच्या रक्ताच्या आदरापोटी त्यांनी तो कोळ्यासकट प्राशन केला. त्यांचा समज चुकीचा होता, धैर्य मात्र खरे होते. आपले नेमके उलटे झाले आहे: समज सुधारला, हात तोच राहिला. त्या काळच्या माणसाला अज्ञानाची सबब तरी होती.

ज्यांचा थरकाप खरोखरच आवरत नाही, त्यांच्याकडून मी शौर्य मागत नाही. त्यांनी खुशाल खोलीबाहेर जावे, दुसऱ्याला हाक मारावी. एका घरी दहा वर्षांच्या मुलीने भिंतीवरच्या कोळ्यावर काचेचा वाडगा पालथा धरला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवली आणि त्याला वाडीत केळीखाली सोडून आली. तिचे हात थरथरत होते.

"परत येईल बघ," आजी म्हणाली.

"येऊ दे," ती म्हणाली, आणि वाडगा धुवायला गेली.