वेदनेचा हिशेब

चंडीगढच्या सुखना तलावाच्या काठी, परवाना काढून गळ टाकणारा भाचा आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने या नगरीत येऊन येथेच स्थायिक झालेले त्याचे मामा यांच्यात एका सायंकाळी झालेला हा संवाद.

मामा : शिवालिकच्या पायथ्याचा ओढा अडवून 1958 साली निर्माण झालेल्या या तलावाला 2020 साली येथल्याच उच्च न्यायालयाने सजीव व्यक्तीचा दर्जा दिला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी हरियाणातील समस्त प्राणिसृष्टीला, जलचरांसुद्धा, विधिमान्य व्यक्तित्व असल्याचे जाहीर केले होते. न्यायासन ज्याच्या ठायी व्यक्तित्व पाहते, त्याच्या जबड्यात तू गळ रुतवतोस तो कोणत्या अधिकाराने?

भाचा : अधिकाराचे मला सांगता येणार नाही, मामा, पण मी काय तजवीज करतो ते ऐका. गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट करतो, म्हणजे तो काढताना मांस फाटत नाही. माशाला स्पर्श करण्यापूर्वी हात भिजवतो, कारण कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून रोगाला वाट मिळते. दोर भक्कम वापरतो, म्हणजे झुंज लांबत नाही. गळ घशात खोल गेला तर ओढाताण न करता दोर कापतो. आणि ज्येष्ठातल्या दुपारी, पाणी तापून त्यातला प्राणवायू घटलेला असताना, गळ टाकीतच नाही.

मामा : ही दक्षता स्तुत्य खरी, परंतु तुझ्याविरुद्धचा पुरावाही तीच देते. माशाला काही जाणवतच नसेल, तर काटा दाबण्याचे प्रयोजन काय?

भाचा : याविषयी शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. लिन स्नेडन या विदुषीने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ओठांत अम्ल टोचलेले ट्राउट मासे बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत आणि तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले. उलट जेम्स रोझ यांचे म्हणणे असे, की मनुष्याला वेदनेची जाणीव ज्या बाह्यकामुळे होते ते माशाच्या मेंदूत नाहीच.

मामा : संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, ही कोर्टाची रीत. येथे मात्र आरोपी तू आणि सजा भोगणारा मासा. तेव्हा तो फायदा माशाच्याच पदरी पडला पाहिजे.

भाचा : म्हणून तर मी पुष्कळदा मासा सोडून देतो.

मामा : तेथे पेच अधिकच बिकट होतो. सबळ कारणावाचून प्राण्याला यातना देऊ नयेत या जर्मन कायद्याचा अर्थ तेथे असा लावतात, की अन्नासाठी मासा मारणे सकारण. पण केवळ झुंजीच्या आनंदासाठी पकडून सोडणे निष्कारण.

भाचा : म्हणजे मारणारा निर्दोष आणि जीवदान देणारा अपराधी! माशाच्या बाजूने पाहिले, तर हा न्याय उफराटा नव्हे काय?

मामा : माशाला सुटकाच श्रेयस्कर, हे मला मान्य. परंतु ज्या संकटातून तू त्याला सोडवतोस, ते तूच त्याच्यावर आणलेले असते. जीवदानाचे पुण्य त्यातून कसे लाभावे?

भाचा : अशोकाने तरी कोठे सरसकट मनाई केली? बहुतेक मासे ठराविक तिथींनाच मारू वा विकू नयेत, एवढीच त्याची आज्ञा.

मामा : होय, आणि ती ज्या स्तंभांवर कोरली आहे त्यांपैकी एक याच मुलखातल्या तोपऱ्याहून दिल्लीला नेलेला आहे. पुढे सुमारे चौदा शतकांनी कल्याणीच्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाला राजाच्या करमणुकीत स्थान दिले. दोघेही राजेच, एकाने आपल्या सत्तेला मर्यादा घातली, दुसऱ्याने आपल्या आनंदाला शास्त्राचे रूप दिले. तुझी दक्षता यांपैकी कोणत्या पंक्तीत बसते, हे तूच ठरव.

भाचा : मग माझी मर्यादा अशी : घरच्या ताटापुरताच मासा धरायचा, तो तडफडत न ठेवता डोक्यावर एका घावात ठार करायचा, आणि तेवढा मिळताच गळ गुंडाळायचा. नको असलेला मासा चुकून लागलाच, तर तो हळुवारपणे सोडायचा. मात्र त्या हळुवारपणाच्या भरवशावर पुन्हा गळ टाकायचा नाही.

मामा : हे मला पटते. मात्र वेदनेचा हिशेब एकदा मांडला, की तो आपल्या सोयीच्या ठिकाणी बंद करता येत नाही. काटा दाबणाऱ्या हाताला उद्या गळही जड वाटू लागला, तर त्या शंकेला दुर्बलता समजून झिडकारू नकोस.