पाऊस थांबव, असं देवाला म्हणावं का?

आजचं वाचन: मत्तय ५:४३-४८, १ राजे १७:१-७



डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू पावसाबद्दल एक छोटीशी गोष्ट सांगतो. देव पाऊस पाडताना माणसांची यादी तपासत नाही. नीतिमानाच्या शेतात पडतो तोच पाऊस अनीतिमानाच्या शेतातही पडतो. खरं तर तिथे विषय हवामानाचा नाहीच. विषय आहे शत्रूवर प्रीती करण्याचा, आणि ती कशी करायची हे समजावताना प्रभू वर आभाळाकडे बोट दाखवतो.

ऐकणारे गालीलातले लोक होते. त्यांच्यासाठी पाऊस म्हणजे थेट भाकर. आपण मात्र शहरातले. पाऊस म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक आठवतं, लेट झालेली लोकल आठवते, नाहीतर बोंबललेला वीकेंड. त्यामुळे हे वचन आपण फार न थांबता वाचून पुढे जातो. यंदा मात्र एका प्रश्नाने मला इथे थांबवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाचा दोन दिवसांचा कॅम्प पवन मावळात होता. चिंचवडहून लोकलने कामशेत, तिथून पाठीवर सॅक घेऊन पवना धरणाच्या बाजूला पायी. आम्ही चौदा जण, पाच टेंट. समोर तिकोना किल्ला दिसायला हवा होता, पण ढगांमुळे त्याचा पायथासुद्धा दिसेना. शनिवारी दुपारी जो पाऊस लागला तो थांबायचं नावच घेईना. संध्याकाळपर्यंत टेंटच्या खालून पाणी वाहायला लागलं, स्लीपिंग बॅगा भिजल्या, चूल काही पेटेना. सायंप्रार्थनेत एकाने अगदी कळवळून म्हटलं, "प्रभू, हा पाऊस थांबव." सगळे मोठ्याने "आमेन" म्हणाले.

थोड्या वेळाने जागेचे मालक काका बॅटरी घेऊन आले. "पोरांनो, भिजताय कशाला? चला ओसरीवर." ओसरीवर मावशींनी चहा ठेवलेला. काका खुशीत होते. म्हणाले, "तीन आठवडे झाले, वाट बघतोय. दाढीतली रोपं पिवळी पडायला लागली होती. उद्या लावणी धरतो. देवानं ऐकलं बघा."

ज्यांनी भात लावताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं आधी एका छोट्या वाफ्यात वाढवतात आणि साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी उपटून चिखल केलेल्या खाचरात लावतात. खाचरात पाणी नसेल तर लावणी होत नाही, आणि रोपं वाफ्यातच जुनी झाली की उत्पन्न घटतं. आपण घरी आवडीने खातो तो मावळचा इंद्रायणी तांदूळ याच वेळापत्रकावर अवलंबून असतो.

आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने चहा पिता पिता हळूच विचारलं, "ताई, मग देवाने नक्की कोणाचं ऐकायचं?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. यावर दोन सोपी उत्तरं मिळतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिलं असं: पाऊस मोसमी वाऱ्यांमुळे पडतो, सह्याद्री त्यांना अडवतो म्हणून इथे जास्त पडतो, यात प्रार्थनेचा काय संबंध? पाऊस का पडतो ते यातून कळतं. पण त्याच पावसाची वाट बघणाऱ्या माणसाशेजारी आपण कसं उभं राहायचं, ते कळत नाही. दुसरं उत्तर असं: देव दोघांच्या विनंत्या तराजूत घालतो आणि ज्याची गरज मोठी त्याचं ऐकतो. म्हणजे देव झाला सरकारी साहेब आणि आपण अर्ज घेऊन रांगेत. येशूने आपल्याला बाप दाखवला, साहेब नाही.

मग पाऊस थांबवण्याची प्रार्थनाच चुकीची का? शास्त्र तसं म्हणत नाही. शिष्यांच्या नावेत पाणी भरत होतं, जीव जायची वेळ आली होती, तेव्हा प्रभूने उठून वादळ शांत केलं. "जरा भिजा, शेतकऱ्यांचा विचार करा," असं तो त्यांना म्हणाला नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पावसात डोंगर कोसळला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. जिथे दरड सरकतेय, पूर चढतोय, तिथे "प्रभू, थांबव" असं पूर्ण गळा काढून म्हणावं. पाऊस दर वेळी आशीर्वादच असतो, असं त्या लोकांसमोर जाऊन कोणी बोलू नये.

पण एलीयाकडे बघा. पाऊस पडू नये असं त्याने मागितलं आणि साडेतीन वर्षं पडला नाही, हे याकोबाच्या पत्रात आहे. आजच्या दुसऱ्या वाचनात त्याच गोष्टीची एक बाजू आहे जी आपण सहसा सांगत नाही. एलीया करीथ ओहळाकाठी राहून त्याचंच पाणी पीत होता, आणि काही दिवसांनी तो ओहळही आटला. कारण? पाऊस नव्हता! त्याने मागितलेल्या दुष्काळाने त्याचं स्वतःचं पाणीही नेलं. तो कुठल्या सुरक्षित जागी बसून दुसऱ्यांसाठी दुष्काळ मागत नव्हता.

इथे मला एक कसोटी सापडते. मी जे मागतेय त्याची किंमत कोण मोजणार? मी, की मला न दिसणारं दुसरंच कोणी? पाऊस थांबला असता तर आमच्या स्लीपिंग बॅगा वाळल्या असत्या, एवढंच. किंमत काकांच्या खाचराने मोजली असती.

आणि गोष्ट इथेच संपत नाही. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी याच पवना धरणातून येतं. म्हणजे आम्ही जो पाऊस थांबव म्हणत होतो तोच पुढे आमच्या नळाला येणार होता. धरणाचं पाणी बंद पाइपलाइनने शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं होतं. ९ ऑगस्ट २०११ रोजी एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. आमच्या ग्रुपमधली बरीच मुलं तेव्हा बालवाडीत होती. पाणी कोणाचं, हा प्रश्न त्या खोऱ्यात आपल्या कॅम्पच्या खूप आधीपासून आहे आणि तिथे तो जिवाचा प्रश्न होता. आपण शहरातून जातो, "निसर्गाच्या सान्निध्यात" दोन दिवस काढतो आणि परत येतो. त्यांच्यासाठी तो निसर्ग नसून शेत आहे, घर आहे.

मत्तयाच्या पुढच्याच अध्यायात प्रभू प्रार्थना करायला शिकवतो. त्या प्रार्थनेत "मी", "माझं", "मला" एकदाही येत नाही. सगळीकडे "आम्ही", "आमचं". आपण ती लहानपणापासून पाठ म्हणतो, पण त्या "आम्ही"मध्ये कोण कोण बसतं? आमच्या टेंटमधले चौदा जण? चर्च? की गळ्यात तुळशीची माळ घालणारे, दुसऱ्या रीतीने देवाला हाक मारणारे ते काकाही? नीतिमान आणि अनीतिमान असं वाचताना आपण मनातल्या मनात स्वतःला कुठल्या बाजूला बसवतो, तेही एकदा प्रामाणिकपणे बघा. प्रेषितांच्या कृत्यांत २८व्या अध्यायात जहाज फुटल्यावर पौल माल्टा बेटावर पोहोचतो. तेव्हा पाऊस आणि गारठा होता म्हणून शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं ते तिथल्या लोकांनी, ज्यांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नव्हतं. पावसात देवाची दया अशीही भेटते.

म्हणून माझं उत्तर असं आहे. मनात जे आहे ते देवाला सांगावं, लपवू नये. पण मागण्याआधी आपलं "आम्ही" थोडं रुंद करावं. ते रुंद झालं की प्रार्थनेचे शब्द आपोआप बदलतात. त्या रात्री ओसरीवर झोपण्याआधी ज्याने आधी प्रार्थना केली होती त्यानेच पुन्हा केली: "प्रभू, उद्या यांची लावणी नीट होऊ दे. आणि आम्हाला ओल्या कपड्यांत कुरकुर न करण्याची कृपा दे." रविवारी ओसरीवरच उपासना झाली आणि मग आम्ही काही जण खाचरात उतरलो. आमच्या ओळी इतक्या वाकड्या गेल्या की मावशींनी हसत हसत निम्म्या पुन्हा लावल्या.

हे फक्त पावसापुरतं नाही. "प्रभू, ही नोकरी मलाच मिळू दे," असं म्हणताना बाहेरच्या बाकावर बसलेला दुसरा उमेदवारही हात जोडून बसलेला असतो, आणि कदाचित त्याच्या घरी एकच पगार येत असतो. नोकरी जरूर मागा. पण त्याचंही नाव घ्या. नाव माहीत नसेल तर "तो निळ्या शर्टवाला" म्हणा, देवाला कळतं.

आजसाठी: तुमची जी विनंती सध्या सगळ्यात मोठी आहे, ती पूर्ण झाली तर किंमत कोण मोजेल याचा पाच मिनिटं विचार करा. मग तीच विनंती "आम्ही" म्हणून मांडून बघा.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू आमची लायकी न बघता पाऊस देतोस, म्हणून तुझे आभार. जिथे पाणी जीव घेतंय तिथे ते आवर, जिथे जमीन वाट बघतेय तिथे ते दे. आमच्या प्रार्थनेत शेजाऱ्याला जागा करायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.