करुणा आणि ममता

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात राजर्षी भरताचे आख्यान आहे. राज्य व कुटुंब यांचा त्याग करून भरत गंडकीतीरी तपाचरण करीत होता. तेथे पाणी पिणारी एक गर्भिणी हरिणी सिंहगर्जनेने भयभीत झाली व तिने झेप घेतली. गर्भ प्रवाहात पडला, हरिणी गतप्राण झाली. भरताने ते पाडस वाचविले, वाढविले, आणि अखेर त्याच्याच ध्यासात देह ठेवून तो मृगयोनीत गेला. यावरून पुष्कळांनी असे ठरविले आहे की, मुक्या जिवांच्या मागे लागणे हे परमार्थातील विघ्न होय. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही. बुडते पाडस पाहून जो डोळे मिटील त्याचे तप कशाचे? भरताचा दोष उचलण्यात नव्हता. पाडस क्षणभर दृष्टीआड झालेले त्याला सोसवेना, तेथे होता.

गीतेच्या बाराव्या अध्यायातील तेराव्या श्लोकात भगवंतांनी भक्ताची मैत्री व करुणा सांगून लगोलग ‘निर्मम’ हे पद योजिले आहे. जखमी व पोरक्या वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकाला या पदाचा अर्थ रोज आचरावा लागतो. चितळाची मादी चरावयास जाताना पाडस गवतात दडवून जाते. एकटे दिसले म्हणून ते पोरके नसते. दयाळू वाटसरू ते उचलून घरी नेतो आणि जिवंत आईपासून तोडतो! माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या पिलाचा पुढे रानात निभाव लागत नाही. यास्तव जाणता सेवक वनखात्यास कळवितो, जखम बांधतो, पण गोंजारीत नाही; आणि बरे झालेला जीव रानात सोडून मागे फिरतो.

सर्वांनाच असे सोडता येते असे नाही. १९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी, शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेले पिलू माडिया बांधवांकडून मागून घेतले. अशा पोरक्यांचे पुढे तेथे अनाथालयच झाले. तेथील सेवा जन्मभराची आहे.

तथापि पाडस काय, माकडाचे पिलू काय, पाहताच माया यावी असेच असते. कसोटी गिधाडाची. नेवाळकरांच्या झाशीपासून सुमारे १६ किलोमीटरवर ओरछा आहे. तेथे प्रभू रामचंद्र राजा म्हणून पूजिले जातात, आणि बेतवातीरीच्या छत्र्यांवर जटायूचे वंशज आजही घरटी करतात. जखमी जटायूला श्रीरामांनी जवळ घेतले, पुत्राप्रमाणे त्याचा अंत्यसंस्कार केला. आपण मात्र त्या कुळाला नकळत विष घातले. दुखणाईत गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटी गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. परंतु माणसांसाठी विकले जाणारे औषध चोरून गुरांना टोचण्याचा मोह उरतोच.

येथे उचलून आणावयाचे काही नाही. गोपालकाने गुरांच्या डॉक्टरांना औषधाचे नाव विचारावे आणि मेलॉक्सिकॅम मागावे, एवढीच सेवा. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. झाशीकडील एखाद्या गोठ्यात ही विचारपूस झाली, तर बेतवाकाठच्या छत्रीवरील ते एकुलते पिलू उपाशी राहत नाही.